तेवढी तीनच पॅकेजं

सोमवारी चार वाजता यादी लागली आणि सव्वाचारला हरिबाचं डोकं फुटलं.

हरिबा बिचारा यादी चिकटवणारा. खळीचा डबा, चार कागद आणि कारखान्याच्या गेटजवळचा काळा फळा, एवढाच त्याचा यादीशी संबंध. पण कोणाचा ऊस कोणत्या दिवशी तोडायचा ते त्या चार कागदांवर असायचं, आणि २००४ च्या त्या जानेवारीत उसावर लोकरी मावा असा बसला होता की पानं पांढरीफटक पडलेली आणि कांडी दिवसागणिक हलकी होत चाललेली. आठ दिवस उशीर झाला तर उसाचं चिपाड होणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आश्रुबाचं नाव शनिवारी चौदावं होतं. सोमवारी ते सत्तेचाळिसावं निघालं. आश्रुबा म्हणजे नऊ एकर बागायतीचा धनी, जुना पैलवान, मान आणि डोकं एकाच जाडीचं. त्याने शेजारच्या बैलगाडीच्या जुवातली लाकडी शिवळ उपसली आणि हरिबा "पैलवान, मी फकस्त चिकटवतो" म्हणेपर्यंत ती त्याच्या टाळूवर दोनदा हाणली. हरिबा खळीच्या डब्यावर पडला. खळ आणि रक्त एकत्र वाहत गेटपर्यंत गेलं आणि रांगेतल्या गाड्यांची चाकं त्यावरून फिरली.

कॉम्प्युटरच्या खोलीतून विश्वेश्वरने हे पाहिलं आणि पहिलं काम काय केलं, तर खिडकी लावून घेतली. भित्राच होता तो, उगाच कशाला लपवा. सिरसाळ्याच्या शिवलिंगप्पा कापडवाल्याचा धाकटा मुलगा. घरात सात पिढ्यांत कोणी कात्रीपेक्षा मोठं हत्यार हातात धरलं नव्हतं. मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीड्यांवरून लिनक्स नावाची सिस्टीम शिकला आणि कारखान्याचा सर्व्हर सांभाळायला लागला. तो सर्व्हर चार वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीने बसवला होता, आणि पुढच्याच वर्षी त्या कंपनीने गाशा गुंडाळला होता. यादीचा प्रोग्राम मागे राहिला, पण तो कसा लिहिलाय हे सांगणारं कोणी राहिलं नाही.

कारखान्याची पाच गट ऑफिसं पाच गावांत होती. तिथले चिटबॉय फोनच्या लायनीवरून सर्व्हरला जोडून घ्यायचे आणि शेतकऱ्यांची नोंद भरायचे. चिटबॉय म्हणजे पोरगा समजू नका; चाळिशी उलटलेले बाप्ये होते, हुद्द्याचं नाव तेवढं तसं. पाचही जणांना सर्व्हरवर एकच नाव आणि एकच पासवर्ड. त्यामुळे यादीत नाव वरचं खाली कोणी केलं ते सर्व्हर सांगू शकत नव्हता. तो न सांगणार, मग लोकांनी काय समजायचं? मशीन ज्याच्या ताब्यात त्यानेच फिरवलं.

साडेचारला आश्रुबा खोलीत आला. त्याच्या धोतरावर हरिबाचं रक्त होतं. त्याने विश्वेश्वरचा उजवा हात मनगटाला धरून टेबलावर ठेवला आणि कमरेचा कोयता काढून बोटांच्या मुळाशी आडवा टेकवला.

"आप्पा," तो अगदी मायेने म्हणाला, "गुरवारी दुसरी यादी लागंल. माजं नाव पुना खाली सरकलं तर ही चारी बोटं मी घेऊन जाईन. आंगठा ठिवतो तुला, भाकर खायाला लागंल."

"पैलवान, मी न्हाई करत हे. देवाशपथ."

"मंग कोन करतंय ते हुडक. तुज्याबगर कुनाला कळतंय त्यातलं?"

तो गेल्यावर विश्वेश्वरने आधी बोटं मोजली. मग दाराला आतून कडी घातली.

मंगळवारी विजयसिंहाने बोलावलं. विजयसिंह कारखान्याचा संचालक, जमीनदाराघरचा, पांढरी जीप, पांढरे बूट. यादीत ज्यांची नावं अचानक वर चढत होती ती पाच शेतं त्याची किंवा त्याच्या सोयऱ्यांची होती, हे फळ्यापुढचा प्रत्येक जण वाचत होता. पण मोठ्याने म्हणणारा एकही निघत नव्हता. मागल्या वर्षी एकजण म्हणाला होता, त्याला दोन्ही गुडघे फोडून आष्टीच्या रस्त्याला टाकलं होतं.

"मशीन जुनं झालंय म्हणं," विजयसिंह म्हणाला. "वरपासून खालपर्यंत नवं टाक. जुन्यातलं काईच ठिवू नको."

"साहेब, पूर्ण सिस्टीम नवी टाकली तर यादीचा प्रोग्राम बंद पडंल. तो जुन्या सिस्टीमवरच चालतो. दुसरा लिहून घ्यायला महिना जाईल, अन् तवर तोड बंद."

विजयसिंहाने उठून त्याच्या कानाखाली अशी वाजवली की विश्वेश्वर दाराच्या चौकटीवर आपटला. "तुला इचारलं का मी? सांगितलंय." आणि खुर्चीत बसून त्याने शांतपणे पान लावायला घेतलं.

परतताना विश्वेश्वरचा कान वाजत होता आणि डोकं, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, तापलं होतं. सगळं नवं टाकायचं म्हणजे सगळं जुनं पुसायचं. हा माणूस आपले ठसे पुसून मागतोय. नाही पुसायचं. सिस्टीम आहे तशीच ठेवायची आणि आतली फक्त तीन पॅकेजं, म्हणजे तीन सुटे प्रोग्राम, बदलायची. पहिलं, बाहेरून येणाऱ्याला दार उघडणारं. दुसरं, कोण आलं आणि त्याने काय केलं याची नोंद ठेवणारं. तिसरं, या दोघांना यादीशी जोडणारं. तिघांच्या नव्या आवृत्त्यांमध्ये प्रत्येक माणसाला वेगळं नाव देता येत होतं, आणि त्या नावावर त्याची हरेक हालचाल चढत होती. गुरुवारपर्यंत एवढं जमलं तर बोटं वाचणार होती.

बुधवारी सकाळी त्याने कोपऱ्यातल्या जुन्या सुट्या कॉम्प्युटरवर हुबेहूब सर्व्हरसारखी सिस्टीम उभी केली आणि आधी सोपी वाट धरली. एका फायलीत पसंती लिहून द्यायची: सिस्टीमच्या जुन्या आवृत्तीला नऊशे मार्क, नव्या आवृत्तीला शंभर, आणि नवीमधल्या ह्या तीन पॅकेजांना तेवढे नऊशे नव्वद. म्हणजे तीन नवी येतील, बाकी कोणी जागेवरून हलणार नाही. प्रत्यक्ष काही न बदलता काय बदलेल ते आधी दाखव, असं त्याने मशीनला सांगितलं. मशीनने त्रेसष्ट नावं दाखवली. तीन पाहुणे बोलावले तर त्यांनी साठ नातेवाईक आणले होते, आणि त्यात सगळ्या सिस्टीमचा पाया असलेली मूळ लायब्ररीसुद्धा होती. ती बदलली की यादीचा प्रोग्राम मेलाच.

त्याने 'नाही' दाबलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मग अवघड वाट. नव्या तीन पॅकेजांचा मूळ कोड घ्यायचा आणि तो जुन्याच सिस्टीमवर, जुन्याच लायब्ररीच्या जोरावर नव्याने बांधून काढायचा. पीठ नवं, चूल आपलीच. जुनं मशीन त्याला कुंथत कुंथत चार तास घेणार होतं.

त्या चार तासांत बाहेर दोन दंगली झाल्या. पहिली दुपारी बाराला: गाडीतळावर एका गावच्या लोकांनी दुसऱ्या गावच्या ट्रॅक्टरला रॉकेल ओतून आग लावली, आणि ड्रायव्हर खाली उतरायच्या आत लावली. तो पेटलेल्या पाठीने चिखलात लोळत होता आणि त्याला विझवायला गेलेल्यांनाही दांडकी पडत होती. दुसरी दोनच्या सुमारास थेट कॉम्प्युटरच्या खोलीवर. पहिला दगड काच फोडून आला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला लागला, दुसरा विश्वेश्वरच्या खांद्याला. मग त्याने सुटं मशीन पडद्यासकट उचलून लोखंडी टेबलाखाली ढकललं आणि स्वतःही तिथेच शिरला. डोक्यावर दगड वाजत होते, तोंडासमोर पडद्यावर ओळी धावत होत्या. एकदा ओळी थांबल्या. मग पुन्हा धावल्या. हातात काच घुसली होती, ती त्याने दातांनी ओढून काढली. दुपारी साडेतीनला तिन्ही पॅकेजं तयार झाली. त्याने टेबलाखालीच हुंदका दिला, आणि तो आनंदाचा होता.

गुरुवारी सकाळी साडेदहाला त्याने ती खऱ्या सर्व्हरवर चढवली. तीन म्हणजे तीनच बदलली. यादीचा प्रोग्राम उघडून पाहिला. आदल्या दिवशीसारखाच रखडत चालला होता, म्हणजे उत्तम चालला होता. मग त्याने पाचही गट ऑफिसांना फोन लावला आणि प्रत्येकाला त्याचं स्वतःचं नाव नि पासवर्ड सांगितला.

शेवटचा फोन देवनाळीच्या चिटबॉयला, राधाकिशनला. तीन हंगाम ते दोघं रोज फोनवर बोलत आले होते, पण एकमेकांना पाहिलं नव्हतं. राधाकिशन त्याला नेहमी चिडवायचा, आप्पा, लगीन करा आता, मशीन काय सैपाक करून वाढनार न्हाई. त्या दिवशी त्याने चिडवलं नाही.

"म्हंजी आता कुनी काय टाकलं ते समदं दिसन का, आप्पा?"

"समदं. नावासकट, वेळेसकट."

"माजं जुनंच राहू द्या न," राधाकिशन म्हणाला. "बाकीच्यायचं करा नवं. माजं तेवढं जुनंच ठिवा."

"आसं एकाला वेगळं न्हाई करता येत, भाऊ. लिहून घ्या पासवर्ड."

खरं तर करता येत होतं. पण विश्वेश्वरला स्वतःच्या बोटांपुढे दुसरं काही सुचत नव्हतं, आणि राधाकिशन असं का म्हणतो हे विचारायची त्याला गरजही वाटली नाही.

एक वाजून बावीस मिनिटांनी यादी हलली. आश्रुबा एकसष्टावर गेला, पाच शेतं वर चढली. नोंदीत ओळ पडली: देवनाळी गट, राधाकिशन, एक बावीस. विश्वेश्वर त्या ओळीकडे बघत राहिला. राधाकिशनकडे उसाचं एक कांडं नव्हतं. मराठवाड्यातला कुठलाही साहेब कीबोर्डला बोट लावत नाही. ते कारकुनाचं काम. साहेब खुर्चीमागे उभा राहतो आणि 'टाक' म्हणतो. आत्ता, या घडीला, देवनाळीच्या त्या खुर्चीमागे पांढरे बूट घालून कोण उभं आहे हे विश्वेश्वरला डोळ्यांनी पाहिल्याइतकं ठाऊक होतं. नोंदीत मात्र ते बूट उमटत नव्हते.

यादी मागे फिरवावी म्हणून त्याने हात पुढे केला, पण उशीर झाला होता. यादी हलली की तोडीच्या चिठ्ठ्या गट ऑफिसातूनच लगेच फाडल्या जायच्या. तोडणाऱ्यांची टोळी आश्रुबाच्या बांधावरून, त्याच्या डोळ्यांदेखत, विजयसिंहाच्या उसाकडे निघून गेली होती.

अडीचला दार फुटलं. खोलीत पंधरा माणसं घुसली, बाहेर आणखी पन्नास. शिपायाला त्यांनी आधीच पायरीवर आडवा केला होता. त्याच्या तोंडातून दात आणि फेस येत होता. आश्रुबाने विश्वेश्वरला केसांना धरून खुर्चीतून ओढलं, उजवा हात टेबलावर दाबला आणि दोघांना तो धरायला लावला. कोयता वर गेला. विश्वेश्वर ओरडला, हात हिसकला, आणि कोयता बोटांच्या दोन अंगुळं अलीकडे टेबलात रुतला. माऊसची वायर तुटून खाली लोंबली.

"मी न्हाई! मी न्हाई! हितं लिव्हलंय, बघा! पडद्यावर बघा!"

"काय लिव्हलंय?"

"राधाकिशन! देवनाळीचा राधाकिशन! एक वाजून बावीस मिंटं!"

आश्रुबाला वाचता येत होतं. त्याने मोठ्याने, एकेक अक्षर लावत, ती ओळ वाचली. बाकीच्यांनी ते नाव पुन्हा म्हटलं, मग बाहेरच्यांनी म्हटलं. त्या आवाजात एक सुटकाही होती. कारण विजयसिंहावर चालून जायची छाती त्या पासष्ट जणांत एकाचीही नव्हती, आणि आता त्यांना जाता येईल असं नाव मिळालं होतं. आश्रुबाने टेबलातला कोयता उपसला. दोन ट्रॅक्टर सुरू झाले.

विश्वेश्वर जमिनीवर बसून उजवा हात छातीशी धरून हसत होता. होय, हसत होता. बोटं होती, पाचच्या पाच होती, हलत होती. एवढं सुख त्याला जन्मात झालं नव्हतं. ट्रॅक्टरचा आवाज विरून दहा मिनिटं गेली, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की ते लोक काय करायला गेलेत.

त्याने फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. देवनाळीला एकच लाईन होती आणि राधाकिशनचं मशीन तिच्यावरून सर्व्हरला जोडलेलं होतं. चार मिनिटं तो वेड्यासारखा तोच नंबर फिरवत राहिला. मग त्याला अक्कल आली: त्याने सर्व्हरवरून देवनाळीची जोडणी तोडली आणि पुन्हा नंबर फिरवला. आता घंटी वाजली.

"हां, आप्पा? लाईन तुटली बगा. जोडतो पुना."

"भाऊ, पळा! आश्रुबा येऊ लागलाय, लोकं हायेत संगं. मागच्या दारानं पळा!"

"माजं नाव दिसलं का?"

"दिसलं," विश्वेश्वर म्हणाला.

"साहेब तर कवाच गेले जीपमदी," राधाकिशन म्हणाला. मग म्हणाला, "ह्या हापिसाला मागलं दार न्हाई, आप्पा."

त्यानंतर ट्रॅक्टर ऐकू आले, दार ऐकू आलं. रिसीव्हर पडला पण लाईन तुटली नाही. विश्वेश्वरने सगळं ऐकलं. राधाकिशन हात जोडून काहीतरी सांगत होता, त्यात 'लेकरं' हा शब्द दोनदा आला. कोणीतरी "टेबलावर धरा बे" म्हणालं. पहिल्या घावाला माणसाचा आवाज आला, दुसऱ्याला जनावराचा, तिसऱ्याला नुसता लाकडाचा. विश्वेश्वरने फोन ठेवला नाही. ठेवायला हवा होता की ऐकत राहायला हवं होतं, हे त्याला पुढेही कधी ठरवता आलं नाही.

पोलिसांनी अज्ञात जमावावर गुन्हा नोंदवला. आश्रुबाचा ऊस शुक्रवारी तोडला, उगाच पुन्हा कटकट नको म्हणून. विजयसिंहाच्या पाच शेतांचाही तोडला. शनिवारी विजयसिंह स्वतः कॉम्प्युटरच्या खोलीत आला आणि कौतुकाने पडदा बघून म्हणाला, "हे झ्याक केलंस. काय झालं की मानूस बरोब्बर सापडतो." मग त्याने एक चिठ्ठी दिली. "देवनाळीला नवा गडी दिलाय. ह्याचं नाव चालू कर." विश्वेश्वरने चिठ्ठी वाचली आणि नाव चालू केलं. अर्धं मिनिट लागलं.

रविवारी तो अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेला. राधाकिशन खाटेवर गुंगीत पडला होता. उंच, सावळा, फोनवरच्या आवाजापेक्षा म्हातारा. उजवा हात मनगटापाशी संपत होता. पांढऱ्या बँडेजवर पिवळं पाणी आलं होतं. उशाशी त्याची बायको वच्छलाबाई पितळी डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"कारखान्यातले का तुमी?" तिने विचारलं. "बसा. चार दिस झाले, कोन्नी फिरकलं न्हाई. तुमी तरी आलात."

तो बसला नाही.

"मला एवढंच कळत न्हाई दादा," ती म्हणाली, "ह्यायचं नाव त्या लोकायला सांगितलं कुनी?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिला काहीच माहीत नव्हतं.

"मी सांगितलं," विश्वेश्वर म्हणाला.

डबा त्याच्या भुवईवर बसला. दुसरा घाव नाकावर, तिसरा कानावर. ती उभी राहून दोन्ही हातांनी मारत होती. भाजी आणि रक्त त्याच्या शर्टावर ओघळलं. नर्स धावली, तिला त्याने हाताने थांबवलं. वच्छलाबाई मारून मारून दमली, तेव्हा डबा हातातून सुटला.

"ह्यायनी सांगितलं, विजयसिंह उभा व्हता मागं," ती धापा टाकत म्हणाली. "ह्यायच्या मानंवर हात ठिवून उभा व्हता. त्याचं नाव न्हवतं का तुज्या मशीनमदी?"

"न्हवतं. फकस्त ह्यांचंच होतं."

"पन तुला ठाऊक व्हतं."

"ठाऊक होतं."

"मंग त्याचं कावून न्हाई घेतलंस?"

विश्वेश्वरने तोंडातलं रक्त गिळलं. "त्याच्यावर कोनी चालून गेलं नसतं, ताई. तिथंच माजा हात तुटला असता."

वच्छलाबाईने त्याच्या हाताकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या हाताकडे.

"मंग तुजा तुटला असता," ती म्हणाली.